काळा गिबन, पिवळा गिबन आणि माझी एक चूक



भित्तिपत्रकाच्या या अंकात गुरुजींनीही काहीतरी लिहावं, असा तुमचा आग्रह होता. लिहितो. पण आधी एक कबुली द्यायची आहे. ती तोंडी देऊन भागणार नाही. चूक सगळ्या वर्गासमोर झाली, तेव्हा दुरुस्तीही सगळ्यांना वाचता येईल अशीच व्हायला हवी.

आपल्या शाळेच्या कपाटात प्राण्यांचा एक जुना तक्ता आहे. कडा फाटलेल्या आहेत, पण चित्रं अजून चांगली आहेत. त्यात डाव्या कोपऱ्यात, फांदीला लोंबकळणारे दोन गिबन आहेत. एक कोळशासारखा काळा. दुसरा वाळल्या गवतासारखा पिवळसर. मागच्या चाचणीत हा तक्ता भिंतीवर लावून मी सहावीला प्रश्न घातला होता : ‘चित्रातील दोन प्राणी एकाच जातीचे आहेत की वेगवेगळ्या जातींचे? कारण लिहा.’ गुण दोन.

माझ्या मनातलं उत्तर सरळ होतं. रंग वेगळे, म्हणून जाती वेगळ्या. बहुतेकांनी तेच लिहिलं आणि दोन-दोन गुण मिळवले. एका मुलीनं मात्र लिहिलं, ‘एकाच जातीचे. आमच्या शेळीला या खेपेला एक काळं आणि एक तांबडं करडू झालं. रंग वेगळा म्हणून जात वेगळी होत नाही.’ मी तिच्या उत्तरावर लाल शाईनं फुली मारली. एवढ्यावर थांबलो नाही. पेपर देताना म्हणालो, “गोठ्यातलं उत्तर पेपरात लिहू नये.” वर्ग हसला. ती काही बोलली नाही. पेपराची घडी घालून खाली बघत बसली.

पुढे या अंकासाठी गिबनवर लेख लिहायचं ठरवलं आणि मिळतील ती पुस्तकं जमवून वाचायला बसलो. दुसऱ्याच संध्याकाळी माझे डोळे उघडले. उठून तक्ता पुन्हा पाहिला. चित्राखाली बारीक अक्षरात ‘हुलॉक गिबन’ असं छापलेलं आहे! इतकी वर्षं तक्ता वापरला, पण ते अक्षर मी कधी वाचलंच नव्हतं. काळा तो नर आणि पिवळसर ती मादी. एकाच जातीची, एकाच घरची जोडी. मुलीचं उत्तर बरोबर होतं. फुली माझ्याच उत्तरावर पडायला हवी होती.

आता हा सगळा प्रकार नीट समजून घेऊ.

गिबन म्हणजे कोण?

आपल्या गावात वानर येतात. काळं तोंड, लांबलचक शेपूट. कौलांवरून उड्या मारत जातात आणि शेंगांच्या वेलांचा फडशा पाडतात. गिबनही झाडावरच राहतो, पण तो वानरांपैकी नव्हे. त्याला शेपूट मुळीच नसते. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या कुळाशी त्याचं जवळचं नातं आहे. या बिनशेपटीच्या प्राण्यांना कपी म्हणतात. गिबन हा त्यांच्यातला लहान कपी.

त्याचे हात पायांपेक्षा लांब असतात. एका हातानं फांदी धरायची, झोका घ्यायचा, दुसऱ्या हातानं पुढची फांदी पकडायची. असा तो झाडाझाडांतून जातो. जमिनीवर सहसा उतरत नाही. फळं, कोवळी पानं, फुलं, किडे खातो. आई, बाप आणि त्यांची दोन-तीन पोरं असं लहानसं कुटुंब असतं. सकाळ झाली की जोडी मोठ्यानं गाऊ लागते. तो आवाज रानात लांबवर ऐकू जातो.

गिबनच्या सुमारे वीस जाती आहेत. त्या सगळ्या आशिया खंडात, ईशान्य भारत आणि बांगला देशापासून चीन, व्हिएतनाम, थायलंड, मलेशिया, इंडोनेशियापर्यंतच्या दाट जंगलांत राहतात. महाराष्ट्राच्या रानात गिबन नाही. भारतात तो फक्त ईशान्येकडच्या राज्यांत आहे : आसाम, अरुणाचल, मेघालय, नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा. तोच आपल्या तक्त्यातला हुलॉक. भारतात रानात राहणारा कपी हा एवढा एकच. त्याचं नाव त्याच्या हाकेवरूनच पडलं आहे. आसामात त्याला ‘हलौ बांदर’ म्हणतात.

जात आणि उपजात यांतला फरकही इथंच सांगून ठेवतो. एका जातीचे प्राणी दूरदूरच्या मुलखांत पसरले, मध्ये मोठी नदी किंवा समुद्र आला, की पिढ्यान्‌पिढ्या ते एकमेकांत मिसळत नाहीत. मग त्यांच्यात थोडे थोडे फरक पडतात. अशा गटांना त्या जातीच्या उपजाती म्हणतात. हे फरक ओळखायचे कसे? सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो केसांचा रंग. आणि फसवतोही तोच.

रंगाच्या तीन तऱ्हा

पुस्तकं वाचून मी गिबनांच्या रंगाच्या तीन तऱ्हा वहीत मांडल्या. त्या तुम्हीही उतरवून घ्या.

पहिली तऱ्हा : सगळे एका रंगाचे. सुमात्रा बेटावर आणि मलाया द्वीपकल्पात सियामंग नावाचा सगळ्यात मोठा गिबन आहे. त्याचे नर, मादी, पोरं सगळी काळी. गाताना त्याच्या गळ्याची पिशवी फुग्यासारखी फुगते. जावा बेटावर रुपेरी गिबन आहे. त्यात नरमादी दोघंही करड्या-रुपेरी रंगाची. इथं रंग पाहून ओळखायला गेलं तर फार अडचण येत नाही.

दुसरी तऱ्हा : नर एका रंगाचा, मादी दुसऱ्या रंगाची. आपला हुलॉक या तऱ्हेचा. नर काळा, मादी पिवळसर तपकिरी. पांढुरक्या भुवया मात्र दोघांनाही. गंमत पुढेच आहे. हुलॉकचं पिल्लू जन्मतं तेव्हा फिकट, पांढुरकं असतं. मग हळूहळू ते काळं होतं. मुलगा असो, मुलगी असो, दोन्ही काळीच. मुलगा जन्मभर काळा राहतो. मुलगी मात्र वयात येते, साधारण सहा-सात वर्षांची होते, तेव्हा तिचा काळा रंग जाऊन पिवळसर रंग येतो. म्हणजे एकाच मादीचे जन्मात तीन रंग : आधी पांढुरका, मग काळा, मग पिवळसर. एखाद्यानं तीन वेळा तीन फोटो काढले, तर माझ्यासारखा मास्तर तिच्याच तीन जाती करून ठेवायचा!

व्हिएतनाम, लाओस आणि चीनच्या जंगलांत डोक्यावर तुरा असलेले गिबन आहेत. त्यांचंही असंच. पिल्लू पिवळं, मग काळं. नर काळाच राहतो, मादी पुन्हा पिवळी होते. तुम्हाला हे नवल वाटायला नको. आपल्या माळावरचा काळवीट आठवा. वर काळा आणि पोटाकडं पांढरा असतो तो मोठा नर. त्याच्याबरोबरच्या पिवळसर तपकिरी त्या माद्या. कोकीळ घ्या. नर काळाभोर, मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. कोकिळेच्या आपण दोन जाती करतो का? नाही. मग मी गिबनच्याच का केल्या?

तिसरी तऱ्हा : एकाच कुटुंबात कोणीही कोणत्याही रंगाचं. हा आहे लार गिबन, म्हणजे पांढऱ्या हातांचा गिबन. थायलंड, म्यानमार, मलेशिया आणि सुमात्राचा उत्तर भाग हा त्याचा मुलूख. त्याच्यात काळपट आणि फिकट असे दोन्ही रंग असतात. आई फिकट, बाप काळा. किंवा बाप फिकट, आई काळी. किंवा दोघंही एका रंगाची. पोरं कधी काळी, कधी फिकट. नर-मादीशी रंगाचा काही संबंध नाही, वयाशीही नाही. जो रंग घेऊन जन्मला, त्याच रंगानं जगला. आता सांगा, हे कशासारखं झालं? त्या मुलीच्या शेळीसारखं! एका वेताला एक करडू काळं, एक तांबडं.

म्हणजे तिचं कारण हुलॉकला तंतोतंत लागू होत नव्हतं. हुलॉकमध्ये रंगाचा फरक नर-मादीचा आणि वयाचा आहे. पण लार गिबनला तिचं कारण जसंच्या तसं लागू पडतं. आणि मुख्य मुद्दा, रंग वेगळा म्हणजे जात वेगळी असं नाही, हा तर दोन्हीकडं खरा.

लारच्या उपजाती

लार गिबनच्या पाच उपजाती मानतात. एक मलाया द्वीपकल्पातली, एक थायलंडच्या उत्तर भागातली, एक थायलंड-म्यानमारच्या मधल्या-खालच्या पट्ट्यातली, एक सुमात्रातली आणि एक चीनच्या युनान प्रांतातली. उत्तर थायलंडमधल्या उपजातीला कार्पेंटर या अमेरिकन शास्त्रज्ञाचं नाव दिलं आहे. १९३७ साली थायलंडच्या जंगलात राहून त्यांनी गिबनांच्या कुटुंबांचं निरीक्षण केलं होतं. युनानमधल्या उपजातीची कथा वाईट आहे. २००७ मध्ये तिथं शोध घेतला तेव्हा एकही गिबन सापडला नाही.

या उपजाती रंगावरून कशा ओळखतात? एकट्या गिबनकडं बघून नव्हे, पुष्कळ गिबनांकडं बघून. थायलंडमध्ये काळपट आणि फिकट असे दोन रंग स्पष्ट वेगळे दिसतात. मलाया द्वीपकल्पात काळपट तपकिरीपासून फिकट पिवळ्यापर्यंत मधल्या सगळ्या छटा सापडतात. सुमात्रात तपकिरी, तांबूस, फिकट असे रंग आहेत, काळा नाही. म्हणजे ‘हा फिकट आहे, तेव्हा अमुक उपजातीचा’ असं म्हणता येत नाही. फिकट गिबन तिन्हीकडं आहेत. ‘या मुलखात कोणकोणते रंग सापडतात’ असंच विचारावं लागतं. एका पोराचं अक्षर बघून सगळ्या वर्गाचं अक्षर कसं आहे हे सांगता येत नाही, तसंच हे.

मग न बदलणाऱ्या खुणा कोणत्या? लार काळा असो की फिकट, त्याचे हात-पाय पांढरे असतात आणि काळ्या चेहऱ्याभोवती पांढरं कडं असतं. हुलॉकला पांढुरक्या भुवया असतात. थायलंडचा पूर्व भाग आणि कंबोडिया इथं टोपीवाला गिबन राहतो. त्याचा नर काळा, हात-पाय पांढरे. मादी करड्या-रुपेरी रंगाची; तिच्या छातीवर काळा डाग आणि डोक्यावर काळी टोपी.

थायलंडमध्ये खाओ याई नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९६२ साली झालेलं हे त्या देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथं लार आणि टोपीवाला यांचे मुलूख एकमेकांना भिडतात. काळा लार आणि टोपीवाल्याचा काळा नर लांबून पाहिले की चूक होऊ शकते. अशा वेळी काय करावं? एकट्याला बघू नये, त्याचं कुटुंब बघावं. बरोबर करड्या-रुपेरी रंगाची, काळ्या टोपीची मादी दिसली, की बहुधा उलगडा झाला. बहुधा एवढ्यासाठी म्हटलं, की तिथं या दोन जातींचा थोडा संकरही झालेला आहे.

दुसरा उपाय कानांचा. प्रत्येक जातीच्या मादीची मोठी हाक वेगळी. लारची मादी लांब, चढत्या सुरात हाक देते. टोपीवाल्याची मादी शेवटी भराभर, पाणी उकळल्यासारखा गुडगुडणारा सूर काढते. आणि हे गाणं गिबन शिकत नाही. ते त्याच्या जन्माबरोबरच येतं. म्हणून रंग फसवतो तिथं आवाज बऱ्याच वेळा खरं सांगतो.

थोरामोठ्यांचीही चूक होते

तुम्ही म्हणाल, गुरुजी खेड्यातल्या शाळेतले, त्यांची चूक व्हायचीच. पण ऐका.

हुलॉकचे पश्चिमी आणि पूर्वी असे प्रकार आहेत. आधी त्यांना एकाच जातीच्या दोन उपजाती मानत. पुढं त्या दोन स्वतंत्र जाती ठरल्या. म्यानमारमधली चिंद्विन नदी ही त्यांच्यामधली मोठी सीमा. पश्चिमी नराच्या पांढऱ्या भुवया जवळजवळ जुळलेल्या असतात. पूर्वी नराच्या भुवया एकमेकींपासून चांगल्या दूर असतात. पूर्वी मादीचे हात-पाय बाकीच्या अंगापेक्षा फिकट असतात. (२०१७ साली चीनच्या सीमेवरच्या जंगलातून हुलॉकची तिसरीही जात नोंदली गेली.)

अरुणाचल प्रदेशातल्या काही गिबनांच्या भुवया आणि रंग पाहून, हे पूर्वी हुलॉक आहेत, असं अभ्यासकांनी ठरवलं. अनेक वर्षं पुस्तकांत तसंच छापलं गेलं : भारतात कपींच्या दोन जाती. मग हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या हुलॉकांचे नमुने घेऊन त्यांचा डीएनए तपासला. आई-बापांकडून मुलांकडं जी वंशाची खूण पेशीपेशीत उतरते, ती म्हणजे डीएनए. ती उन्हानं, वयानं, केस गळल्यानं बदलत नाही. २०२१ साली निकाल आला. अरुणाचलातले ते गिबनही पश्चिमी हुलॉकच निघाले! पश्चिमी आणि पूर्वी या दोन जाती सुमारे १५ लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात, असंही त्या अभ्यासात दिसलं. भारतात मात्र कपीची जात एकच.

म्हणजे अभ्यासकांनाही रंगानं चकवलं. पण त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, पुन्हा तपासला आणि जुनं उत्तर खोडून नवं लिहिलं. हेच खरं शास्त्र.

याची गरज काय?

कोणी म्हणेल, जात एक असली काय, दोन असल्या काय, गिबनला त्याचं काय? त्याला पुष्कळ आहे.

अरुणाचलात डेल्लो नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासचं रान तुटलं आणि गिबनांची काही कुटुंबं सुट्या सुट्या झाडांवर अडकून पडली. गिबन जमिनीवर चालून लांब जाणारा प्राणी नव्हे. खाणं संपलं तरी त्यानं जावं कुठं? २०११ पासून तिथली काही कुटुंबं पकडून जवळच्या मेहाओ अभयारण्याच्या दाट रानात नेऊन सोडली गेली. त्या वेळी कागदावर त्यांचं नाव ‘पूर्वी हुलॉक’ होतं. ती आपल्याच मुलखात राहिली म्हणून बरं. पण उद्या कोणी चुकीच्या नावावर विसंबून एका जातीचे गिबन दुसऱ्या जातीच्या रानात नेऊन सोडले, किंवा पिंजऱ्यात चुकीची जोडी जमवली, तर ती चूक खोडरबरानं पुसता येणार नाही.

मोजणीचंही तसंच. आसामात जोरहाट जिल्ह्यात होल्लोंगापार हे गिबनांसाठीचं अभयारण्य आहे. अवघं २१ चौरस किलोमीटरचं. त्याच्यामधून आगगाडीचा रूळ गेला आहे आणि रानाचे दोन तुकडे झाले आहेत. अशा लहान रानात प्रत्येक कुटुंबाचा हिशेब ठेवावा लागतो. काळं पोर म्हणजे नरच, असं धरून मोजणी केली तर वयात न आलेल्या सगळ्या मुली नरांत जमा होतील आणि पुढच्या पिढीत आया किती हा अंदाज साफ चुकेल. हुलॉकची मादी दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू देते. तिथं एकेका मादीचा हिशेब महत्त्वाचा. हुलॉकला आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षण आहे. पण ज्याला राखायचं, त्याला आधी ओळखता यायला हवं.

लक्षात ठेवा

गिबन ओळखायचा तर क्रम असा ठेवावा :

१. तो कुठल्या मुलखातला? नदीच्या अलीकडचा की पलीकडचा?
२. न बदलणाऱ्या खुणा पाहा : भुवया, हात-पाय, चेहऱ्याभोवतीचं कडं, डोक्यावरची टोपी किंवा तुरा.
३. एकट्याला नव्हे, कुटुंबाला पाहा. नर कोण, मादी कोण, पोरं केवढी?
४. आवाज ऐका.
५. सगळ्या अंगाचा रंग शेवटी विचारात घ्या.
६. तरीही शंका राहिली तर ‘शंका आहे’ असं लिहा. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा ते बरं.

स्वाध्याय

(अ) हुलॉक मादीचे जन्मात किती रंग होतात? क्रमानं लिहा.
(आ) लार आणि हुलॉक यांच्या रंगातला मुख्य फरक सांगा.
(इ) आपल्या गावातले नर-मादीचे रंग वेगळे असणारे तीन पक्षी किंवा प्राणी शोधा. स्वतः पाहिलेलेच लिहा.
(ई) तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या शेळीची करडं पाहा. आईचा रंग कोणता, करडांचे कोणते? पुढच्या अंकासाठी तक्ता करून आणा.

आता शेवटचं. सहावीच्या त्या पेपरात मी दुरुस्ती केली आहे. त्या मुलीचे दोन गुण तिला दिले. ज्यांनी माझ्या मनातलं चुकीचं उत्तर लिहिलं, त्यांचे गुण काढून घेतलेले नाहीत. त्यांना ते मीच शिकवलं होतं. आणि ‘गोठ्यातलं उत्तर पेपरात लिहू नये’ हे माझं वाक्य मी इथं सगळ्यांसमोर मागे घेतो. बाई ग, तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलंस. मी न बघताच फुली मारली. माझं चुकलं. जुना तक्ता उद्या पुन्हा भिंतीवर लावू. या वेळी आधी खालची बारीक अक्षरं वाचू, आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं काम तुझं.

— तुमचे गुरुजी